अमावास्येला चालू असलेले माग

१

तक्ते चोरीला गेले असते तर बरं झालं असतं. चोरी झाली की माणूस पोलिसात जातो, चार दिवस बोंब मारतो आणि गप्प बसतो. इथं एकशेऐंशीच्या एकशेऐंशी तक्ते टेबलावर होते, एकही कमी नव्हता. तरी राजय्या एकेक कागद उचलून खाली ठेवत होता.

“मास्तर, हे माझे नव्हेत,” तो म्हणाला.

१९३७ सालच्या ऑगस्टमधला तो पहिला मंगळवार. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं. मी हायस्कुलात शिकवत होतो आणि एम. ए. ची पदवी भिंतीवर टांगून तिच्याकडे बघत दिवस काढत होतो. अशा माणसाला मुंबईहून प्रोफेसर सबनीसांचं पत्र आलं. विद्यापीठातल्या काही विद्वानांनी एक नागरी पाहणी मंडळ काढलं होतं आणि सात गावांत त्याच्या शाखा उघडल्या होत्या. प्रत्येक शाखेनं आपल्या गावची घरं मोजायची, तक्ते मुंबईला तपासायला धाडायचे आणि त्यावरून सरकारनं ठरवायचं, की कुठं पाणी न्यायचं, कुठं गटार बांधायचं. सोलापूर शाखेचा चिटणीस मी. एका वाचनालयाच्या माडीवर एक खोली, एक कपाट आणि दारावर पाटी. ती पाटी मी दिवसातून चारदा वाचत असे. आज लाज वाटते, पण वाचत असे.

पाण्याचा नवा मोठा नळ यायचा होता आणि तो एकाच बाजूला जाणार होता. एक तर स्टेशनापलीकडच्या नव्या बंगल्यांच्या प्लॉटांकडे, नाही तर जोडविहीर पेठेत. जोडविहीर म्हणजे तेलुगू विणकरांची वस्ती. घराघरात हातमाग, आणि सगळ्या पेठेला दोनच विहिरी. उन्हाळ्यात त्यांतली एक आटायची आणि दुसरीचं पाणी पिऊन पोरं मरायची. शनिवारी पाणी कमिटीची बैठक होती आणि आमचे आकडे बघून नळ कुठं वळवायचा ते ठरणार होतं.

जोडविहीरची पाहणी राजय्यानं केली होती. त्या पेठेतला तो पहिला बी. ए. जुलैत घरोघर फिरून त्यानं हे तक्ते भरले, आणि आता त्यांतले आकडेच बदलले होते. तक्त्यांत अक्षर असं नसतंच, नुसते पेन्सिलीनं मांडलेले आकडे आणि फुल्या, त्यामुळे कुणाचा हात आहे हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

“मी लिहिलं होतं, अकरा घरांत पाण्याची सोय आहे,” राजय्या म्हणाला. “इथं बघा. तीन घरांतल्या दोन घरांत नळ. जोडविहिरीत नळ आहे कुठं?”

आमच्या शाखेचे अध्यक्ष धोंडप्पा शेजारीच पान लावत बसले होते. सुताचे मोठे व्यापारी. त्यांनी तक्त्यावरून एक नजर फिरवली.

“ऐ राजय्या, घरी बसून भरलास की हे,” ते म्हणाले. “आता बेरीज उलटी आली म्हणून रडायलास. शुक्रवारी प्रोफेसरसाहेब येणार. तेव्हापर्यंत लिहून दे, तक्ते माझेच आहेत. नाही तर तू ते खोटे भरलेस, असं आम्ही लिहून देऊ.”

दोन्ही लिहिण्यांत नळ बंगल्यांकडेच जात होता.

२

मी चांदसाबला बोलावलं. चांदसाब पस्तीस वर्षं या गावात देवी टोचत हिंडला आणि दोन वर्षांपूर्वी पेन्शनीत निघाला. कुठल्या घरात कोण जन्मलं, कोण गेलं, हे त्याला दंडावरच्या व्रणांवरून पाठ. अंगात लांब कोट, खिशात टोचायची रिकामी डबी. ती तो सवयीनं बाळगायचा आणि विचार करताना तिचं झाकण उघडझाप करायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. आकडे येत होते.

“हे कुटलं घर?” त्यानं पहिलाच तक्ता उचलून विचारलं.

मी नंबर वाचला. चौदा.

“चौदा म्हंजे राजय्याचंच की. हितं काय लिवलंय, गेल्या साली कोन मेलं?”

“कुणी नाही.”

चांदसाबनं डबीचं झाकण बंद केलं. “मास्तर, राजय्याच्या भावाची पोरगी गेली गेल्या वैशाखात. लई गोड होती. टोचताना रडली न्हाई, माजी दाढी धरून ओढली. दोन दिवसांत हगवनीनं गेली. सख्खा चुलता आपल्या घरच्या तक्त्यात ‘कोन मेलं न्हाई’ असं लिवंल व्हय?”

राजय्या खिडकीशी उभा होता. ही पाहणी त्यानं का पत्करली होती हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि तीन महिने एका खोलीत बसून आपण कधी विचारलं नाही याची मला शरम वाटली.

“म्हंजे तक्ते बदलल्यात,” चांदसाब म्हणाला. “आता कवा आनि कुनी, येवढंच ऱ्हायलं. गठ्ठा कुटं कुटं फिरला?”

मी सांगितलं. सोळा जुलैला गठ्ठा रेल्वे पार्सलानं मुंबईला गेला. एकतीसला, म्हणजे गेल्या शनिवारी, परत आला. वरचं लाखेचं सील शाबूत होतं. सोबत प्रोफेसरांची चिठ्ठी होती, की जोडविहीरचा गठ्ठा उघडायलाही सवड झाली नाही, जसा आला तसा परत धाडला आहे, बेरजा तिकडेच कराव्यात. मी तो कपाटात ठेवला. कपाटाच्या तीन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक धोंडप्पांकडे, एक नकाशे काढणाऱ्या ओव्हरसियर मानसिंगकडे.

“म्हंजे शनवार ते मंगळवार. तीन मानसं.”

“दोन,” मी म्हणालो.

चांदसाब माझ्याकडे बघून हसला. “तीन, मास्तर. तुमीबी हाय की त्यात.”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जोडविहिरीत गेलो. पेठेत शिरायच्या आधीच मागांची खटखट सुरू होते आणि मग माणसाला शेजाऱ्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. घर म्हणजे एकच खोली. तिच्यात मागाचा खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस, कडेला कांड्या भरणारी बायको आणि उरलेल्या जागेत संसार. मी अर्थशास्त्राचा एम. ए. घरापासून पाऊण मैलावरच्या या पेठेत मी त्याआधी एकदाच आलो होतो, तेही साडी घ्यायला.

राजय्याची आई नरसव्वा ओट्यावर बसून सुताचा गुंता सोडवत होती. मध्येच धागा तुटला. तिनं दोन टोकं बोटांत धरली, काहीतरी केलं आणि धागा पुन्हा अखंड झाला. गाठ दिसलीसुद्धा नाही.

“नळ येतंय का?” तिनं विचारलं. एवढंच मराठी तिनं आमच्यासाठी जुळवून ठेवलं असावं.

“येईल,” मी म्हणालो.

“राजय्या सगळ्या घरी जाऊन सांगितला. लिहून घेतो, मग नळ येतंय म्हनून. समदे खरं सांगितले त्याला. किती मेले, किती आजारी, लाज सोडून सांगितले.” तिनं सूत मांडीवर ठेवलं. “आता लोक विचारतेत. म्या काय सांगू?”

चांदसाबनं विषय बदलला. “अम्मा, राजय्या किती दिवस हिंडला पेठेत?”

तिनं बोटं मोजली. “पहिल्या तारखेपासून तेरापर्यंत. मधी येक दिवस घरी बसला.”

“कुटला दिवस?”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. असला प्रश्न कुणी विचारतं का, असं तिच्या तोंडावर होतं. मग तिनं तेलुगूत उत्तर दिलं. चांदसाबनं मान हलवली. मी त्याला विचारलं, काय म्हणाली. तो म्हणाला, शुक्रवारी सांगतो.

माडीवर परत आल्यावर त्यानं मला तक्ते तारखेप्रमाणे लावायला सांगितले. रोजचे पंधरा तक्ते, एक जुलै ते चौदा जुलै. मध्ये चार आणि अकरा तारखेला एकही नाही.

“ह्या दोन तारखा कसल्या?”

“रविवार.”

“आनि मागाचा रकाना? भेटीच्या वेळी माग चालू व्हता का?”

“सगळीकडे ‘हो’.”

“सगळीकडं. आट तारखेलाबी?”

“आठ तारखेलाही. का?”

त्यानं भिंतीवरच्या पंचांगाचं पान मागं उलटलं आणि त्यावर बोट ठेवलं.

४

मानसिंग नातेपुत्याकडचा. पंधरा वर्षं गावात ओव्हरसियर होता आणि नव्या प्लॉटांकडे जाणाऱ्या नळाचा नकाशा त्यानं बैठकीच्या आधीच काढून ठेवला होता. मला तो नकाशा त्याच्या टेबलाखाली सापडला आणि माझ्या मते प्रकरण तिथंच संपलं होतं.

“काडलाय की,” मानसिंग म्हणाला. “जोडविहीरचाबी काडलाय, त्यो बगा त्याच्या खाली. सायबांनी कवा कुटला मागितला तर? मी हुकमाचा मानूस. नळ कुटंबी न्या, खड्डा मलाच खांदायचाय.”

“जोडविहिरीत कधी जाता का?” चांदसाबनं विचारलं.

“म्हैन्यातनं येकदा. गटारं साफ करायला.”

“कवा?”

“अमुशाला. इतर दिवशी तितं काय करनार? गल्लीभर सुताचा ताना पसरल्याला असतुय, गडी खड्ड्यात. अमुशाला समदं बंद. जुलैतबी गेल्तो की. गल्ली मोकळी, मानसं ओट्यावर. काम झ्याक झालं.”

“राजय्या दिसला?”

“दिसला. ओट्यावर बसून पेपर वाचत व्हता. म्या म्हनलं, आज सुट्टी व्हय पंतोजी? तर नुसता हासला.” मानसिंगनं नकाशे गुंडाळले आणि माझ्याकडे वळला. “बरं मास्तर, कोरे तक्ते आलं का? पुढल्या पेठेचं काम अडलंय. म्हैना झाला, येक कोरा कागुद न्हाई खोलीत.”

“दोन पत्रं टाकली मुंबईला. अजून नाहीत.”

चांदसाबच्या डबीचं झाकण वाजलं. मी मात्र मानसिंगच्या नकाशाचाच विचार करत होतो.

५

धोंडप्पांच्या दुकानात सुताच्या गाठोड्यांचा थंड वास यायचा. स्टेशनापलीकडे त्यांचे चार प्लॉट होते, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. नळ तिकडे गेला तर ते प्लॉट सोन्याचे होणार. त्यांनी ते लपवलंही नाही.

“आहेत की प्लॉट. चोरी केली काय मी?” ते म्हणाले. “नळ तिकडे आला तर मला बरंच आहे. पण चांदसाब, मी तक्ते बदलीन होय? बदलायचे असते तर राजय्याला पाहणीलाच घेतलं नसतं. माझा भाचा तयार होता.”

“खरं हाय,” चांदसाब म्हणाला. “शेट, उद्या दुकानात सूत बगायला येऊ का? जावयाला पायजे. उद्या न्हाई जमलं तर परवा, शुक्रवारी.”

“उद्या या. शुक्रवारी अमावास्या. दुकान उघडतो मी, पण नुसतं बसायचं. एक विणकर फिरकत नाही. माग बंद तर सूत कोण नेणार? पोराला म्हणतो, त्या दिवशी तू झोप, मी माशा मारतो.”

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “सगळ्यांत जास्त फायदा यांचाच.”

“फायदा हाय,” चांदसाब म्हणाला. “पर ह्येनं न्हाई केलं. मानसिंगनंबी न्हाई.”

“मग उरलो मी.”

“व्हय. म्हनून आता तुमचीच पाळी.”

६

माडीवर त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभा राहिला. मला गंमत वाटली. थोड्या वेळानं वाटेनाशी झाली.

“गठ्ठा मुंबईला गेला तवा कुनी बांधला?”

“राजय्यानं. घरून लाल सूत आणलं होतं, त्यानं बांधला. दोन टोकं जोडली आणि दातानं तोडली. मी म्हटलं, गाठ कुठं आहे? तो म्हणाला, आहे, पण दिसणार नाही.”

“आनि शनवारी तुमी तो सोडला कसा?”

“सोडला म्हणजे... टोक ओढलं. सुटला.”

“येक टोक ओढलं नि सुटला?”

“हो. त्याच लाल सुताची फुलाची गाठ होती, पुडीला मारतात तशी.”

बोलता बोलता मी थांबलो. नरसव्वाच्या बोटांतला तो तुटका धागा माझ्या डोळ्यांसमोर आला.

“विनकराची गाठ वडून सुटत न्हाई, मास्तर,” चांदसाब म्हणाला. “ती कापावीच लागती. सील तोडून तुमीच पार्सल उगडलं. आत सूत तेच, पर गाठ दुसरी. म्हंजे सील लागायच्या आदीच गठ्ठा कुनीतरी सोडला व्हता. आनि सील लागलं कुटं?”

“मुंबईला.” माझा आवाज मला परका वाटला. “पण प्रोफेसर लिहितात, गठ्ठा उघडलाच नाही.”

“लिवत्यात खरं. आनि कोरे तक्ते कुनाकडं हायत? सोलापुरात म्हैनाभर येक कागुद न्हाई. येकशेऐंशी कोरे तक्ते हितं आनायचे कुटनं?”

मी भांडलो. प्रोफेसर सबनीस! ज्यांनी मला शोधून काढलं, ज्यांनी या गावाला विद्यापीठाच्या नकाशावर आणलं, त्यांना जोडविहीरच्या नळाशी काय देणंघेणं? प्लॉट नाही, नातं नाही, गाव नाही.

“त्ये मला ठावं न्हाई,” चांदसाब म्हणाला. “तुमी शिकल्याले. तुमीच सांगा, ह्या आकड्यांत त्येंना काय पायजे व्हतं?”

माझ्या दौतीखाली एक पातळ पुस्तक तीन महिने पडून होतं. मंडळाचं प्राथमिक टिपण, सात गावांचं, मेमध्ये छापलेलं. सरकारकडे गेलेलं आणि सगळीकडे वाखाणलं गेलेलं. शाईचे डाग पडलेलं ते पुस्तक मी उघडलं. सोलापूर, जोडविहीर पेठ: पाण्याची सोय असलेली घरं, शेकडा सत्तर.

मग मी तक्त्यांतल्या फुल्या मोजल्या. दोनदा मोजल्या. एकशेऐंशी घरांत एकशेसव्वीस. शेकडा सत्तर, एक घर इकडे नाही की तिकडे नाही.

टिपण मेमध्ये छापलं. राजय्या पेठेत गेला जुलैत.

७

शुक्रवारी सकाळी प्रोफेसर सबनीस आले. पांढरी सुती पँट, मऊ बोलणं, प्रत्येकाची चौकशी. मला त्यांनी “ईश्वरप्पा, तुमच्यामुळे हे घडतंय” असं म्हटलं आणि इतकं सगळं कळूनही मला बरं वाटलं. माणूस असाच असतो, निदान मी तरी.

चांदसाबनं विनंती केली, की बैठकीआधी साहेबांनी एकदा जोडविहीर पेठ पायांनी बघावी. प्रोफेसर आनंदानं निघाले. धोंडप्पा, मानसिंग, राजय्या, सगळे बरोबर. राजय्या मागं मागं, कबुलीचा कोरा कागद खिशात घेऊन.

आम्ही पेठेत शिरलो. गल्ली मोकळी होती. माणसं ओट्यांवर बसली होती, कुणी दाढी करत होतं, कुणी नुसतंच बसलं होतं. धोंडप्पा आणि मानसिंग सरळ चालत राहिले. प्रोफेसर मात्र चौकात थांबले आणि कान टवकारून म्हणाले,

“हे काय, एकही माग वाजत नाही? संप वगैरे आहे की काय?”

ओट्यावरची एक बाई तोंडाला पदर लावून हसली.

“संप न्हाई, सायब,” चांदसाब म्हणाला. “अमावास्या हाय. अमावास्येला हितं माग चालत न्हाई. आजोबाच्या आजोबापासनं न्हाई. पेठेतलं शेंबडं पोरबी ह्ये सांगंल. धोंडप्पा शेटला ठावं हाय, कारन त्येंचं दुकान रिकामं पडतं. मानसिंगला ठावं हाय, कारन तो गटारं काडतो. राजय्या तर ह्याच मागाखाली जलमला. जुलैच्या आट तारखेला अमावास्या व्हती. राजय्या त्या दिवशी घरी बसला आनि दोनी रविवारी काम केलं, कारन हातमागाला रविवार ठावं न्हाई. पर ह्या तक्त्यांत रविवारी सुट्टी हाय, आनि अमावास्येला पंधरा घरांत माग चालू हायत.”

त्यानं कोटातून आठ तारखेचे पंधरा तक्ते काढले. “ह्ये ज्येनं भरलं त्येनं जोडविहीर कवा बगितलीच न्हाई. सोलापुरातला मानूस ही चूक करनार न्हाई, सायब. करायची म्हनली तरी त्येला सुचनार न्हाई.”

गाठीचं मी सांगितलं. कोऱ्या तक्त्यांचं सांगितलं. शेकडा सत्तरचंही मीच सांगितलं. राजय्या पुढं आला.

“माझे तक्ते कुठं आहेत?” त्यानं विचारलं.

प्रोफेसर गडबडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी रुमालानं पुसला. मला वाटतं, त्यांना चोरी पकडली गेल्यासारखं वाटलंच नव्हतं, वर्गात कुणी आडवा प्रश्न विचारावा तेवढंच.

“रद्दीत गेले,” ते म्हणाले.

“का?” राजय्याचा आवाज चिरकला. “सर, खरं होतं ते. एकेका घरात तासतास बसून लिहिलं होतं.”

“खरं असेलही. पण टिपण सरकारकडे गेलेलं आहे. जोडविहीरचा आकडा तेव्हा नव्हता, तो मी शेजारच्या पेठांवरून धरला. सत्तर धरला आणि तुम्ही आणलेत सहा. एक आकडा असा फसला की सरकार विचारणार, बाकीचे कशावरून खरे? सातही शाखा बंद होतील. सात गावांची पाहणी, राजय्या. एका पेठेसाठी?”

“बारा दिवस द्या. पुन्हा करतो.”

“बैठक उद्या आहे.”

समोरच्या विहिरीवर बायका पाणी ओढत होत्या. एरवी मागांच्या खटखटीत ऐकू न येणारं ते रहाटाचं करकरणं त्या दिवशी गल्लीभर ऐकू येत होतं. प्रोफेसरांनी तिकडे पाहिलं नाही.

८

बैठकीसमोर ठेवायच्या कागदावर एक सही लागत होती: ‘तक्ते मी तपासले, बरोबर आहेत. चिटणीस, सोलापूर शाखा.’ धोंडप्पा म्हणाले, मी काहीच ऐकलं नाही. मानसिंग म्हणाला, मी हुकमाचा मानूस. राहिलो मी.

माडीवर प्रोफेसर माझ्यासमोर बसले. शाखा कायमची करायची आहे, ते म्हणाले. इथं पुढं कॉलेज येईल, संशोधन केंद्र येईल, आणि त्याला गावचाच माणूस हवा. आज ही एक पेठ गेली तरी उद्या त्या केंद्रातून दहा पेठांचं भलं होईल. मंडळच राहिलं नाही तर कुणाचंच नाही. ते सगळं पटण्यासारखं होतं. मला ते पटलं याचा मला आजही राग येतो, कारण ते मला सही करायच्या आधी नाही, सही करता करता पटलं.

चांदसाब दारात उभा होता. “मास्तर,” तो म्हणाला, “देवी टोचताना पोरगं रडतं. आई म्हनती, ऱ्हाऊ द्या. पस्तीस वर्षांत म्या हात मागं घेतला न्हाई कवा.”

मी टाक उचलला आणि सही केली.

शनिवारी चांदसाब एकटाच पाणी कमिटीपुढं गेला. अमावास्येचं सांगितलं, गाठीचं सांगितलं. कमिटीच्या अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्याकडं छापील काय आहे? त्याच्याकडं छापील काही नव्हतं. लोक हसले. नळ स्टेशनापलीकडे गेला. राजय्यानं कबुली लिहून दिली नाही आणि राजीनामाही दिला नाही, तो नुसता यायचा थांबला.

पुढच्या वर्षी जाड पुस्तक आलं. चांगला कागद, सोनेरी अक्षरं. जोडविहीरला एक सबंध पान. पाण्याची सोय समाधानकारक, रोगराई बेताची. पानाच्या तळाशी बारीक टाइपात दोन नावं. माहिती गोळा करणारा राजय्या. तपासणारा मी.

पुस्तकाची एक प्रत राजय्याला द्यायची, असं मुंबईहून कळवलं होतं. मी मुद्दाम अमावास्येला गेलो, म्हणजे तो मागावर नसेल आणि बोलता येईल. त्या उन्हाळ्यात पेठेत पटकी येऊन गेली होती. ओट्यावर राजय्या एकटाच होता. नरसव्वा कुठं आहे, असं मी विचारलं. त्यानं विहिरीकडे नाही, वर हात दाखवला.

त्यानं पान काढलं, वाचलं, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

“लोकांना वाचता येत नाही, हे एक बरं आहे,” तो म्हणाला. “नाही तर त्यांना वाटलं असतं, मीच लिहिलं.”

मला काहीतरी बोलायचं होतं. पाठ करून आलो होतो. रहाट करकरत होता.

राजय्या आत गेला, लाल सूत घेऊन आला. पुस्तक मिटून त्यानं त्याला उभं-आडवं सूत गुंडाळलं, टोकं बोटांत धरून जोडली आणि दातानं तोडली. मग ते माझ्या हातात दिलं.

“तुमच्याकडंच राहू दे, मास्तर.”

आता आमच्या केंद्राला तीन खोल्या आहेत आणि दारावरची पाटी पितळेची आहे. ते पुस्तक माझ्या समोरच्या फळीवर असतं. पाहुणे विचारतात, हे बांधून का ठेवलंय? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. कधीकधी एकटा असताना मी ते खाली काढतो, गाठ शोधतो, सूत ओढून बघतो. सुटत नाही. कापावंच लागेल. कात्री टेबलावरच असते.